जंतूंनाही जंतू लागतात!

बालमित्रांनो, तुमच्या देवघरात गंगेची लोटी आहे का? असली तर आज जरा नीट बघा. तांब्याची, मुठीत मावेल एवढी, तोंड डाख लावून पक्कं बंद केलेली. कुणाची आजी काशीला जाते, कुणाचे काका प्रयागला जातात, आणि येताना अशी लोटी घेऊन येतात. मग घरी मावंदं होतं, भावकी जेवून जाते आणि लोटी देवाजवळ जाऊन बसते, ती वर्षानुवर्षं तिथंच.

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी असंच मावंदं झालं. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपतो न संपतो तोच ही पोरगी उभी राहिली. "सर, आमची आज्जी म्हणूलालीय, गंगेचं पाणी कधीच नासत न्हाई. आपल्या आडाचं पाणी चार दिवस ठेवलं तर वास मारतंय. असं का ओ?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं. "लोटी तांब्याची हाय ना! तांब्यानं जंतू मरत्यात."

शाब्बास! उत्तर काही चूक नव्हतं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पण मग श्रेय कुणाचं, तांब्याचं की गंगेचं? वर्गात दोन पक्ष पडले. एकानं तोड काढली, "दोन्ही पाणी काचंच्या बाटलीत घालून खिडकीत ठिवू." कल्पना चांगली होती, पण एक अडचण होती. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते निर्जंतुक असतं असं नाही. पटकीचे लाखो जंतू असलेलं पाणीसुद्धा आरशासारखं स्वच्छ दिसू शकतं. डोळ्यांनी निकाल लागणार नव्हता. मी म्हटलं, "शनिवारी सांगतो," आणि वेळ मारून नेली.

खरं सांगायचं तर या प्रश्नात मला रस वाटण्याचं कारण घरचंच होतं. माझ्या आजीची थोरली बहीण पंढरीच्या वारीहून परतताना पटकीनं गेली. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सकाळी चालत होती ती पोरगी संध्याकाळी नव्हती, असं आजी सांगायची. पटकी म्हणजे कॉलरा. गावात पटकी शिरली की लोक मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत. दुसरं काही हातात नव्हतंच. आजी तिच्या बहिणीबद्दल एवढंच सांगायची आणि मग विषय बदलायची.

तर ही गोष्ट त्या पटकीची आहे, गंगेच्या पाण्याची आहे, आणि त्या पाण्यात राहणाऱ्या अशा कुणाची आहे, ज्याला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नावसुद्धा नव्हतं.

पटकीचा जंतू नक्की कोणता, हे जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली आपल्याच देशात, कोलकात्यात काम करून जगाला सांगितलं. तो एक जिवाणू आहे. दिसायला कसा? तुम्ही वाक्यात स्वल्पविराम देता ना, अगदी तसा वाकडा. शास्त्रीय नाव व्हिब्रिओ कॉलरी.

त्यानंतर बारा वर्षांनी, 1896 साली, आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ सरकारी प्रयोगशाळेत काम करत होते. आग्र्याजवळून यमुना वाहते. तिच्यात शहराची घाण जायची, प्रेतंसुद्धा सोडली जायची. हँकिन यांना कोडं पडलं. इतकी घाण नदीत जाते, तर खालच्या अंगाच्या गावांत पटकीचा कहर जास्त व्हायला हवा, तसा तो का होत नाही? त्यांनी गंगेचं आणि यमुनेचं पाणी घेतलं, अगदी बारीक गाळणीतून गाळलं आणि त्यात पटकीचे जिवाणू सोडले. काही तासांत जिवाणू मेले! विहिरीच्या पाण्यात मात्र तेच जिवाणू खुशाल जगले. आणखी एक गंमत झाली. नदीचं पाणी उकळून घेतलं, तर त्याची ती शक्ती पार नाहीशी व्हायची.

हँकिन यांनी हे सगळं फ्रान्सच्या पाश्चर संस्थेच्या मासिकात छापलं. त्याच सुमारास अमेरिकन लेखक मार्क ट्वेन भारतात फिरत होते. त्यांनीही आपल्या प्रवासवर्णनात या प्रयोगाबद्दल लिहिलं आहे. पण जिवाणूंना मारतं कोण? हँकिन यांना वाटलं, पाण्यात काहीतरी उडून जाणारं रसायन असावं. एवढ्यावर गोष्ट थांबली, ती वीस वर्षं.

पुढचा माणूस मोठा अवलिया होता. फेलिक्स देरेल. पहिलं महायुद्ध चालू होतं. पॅरिसजवळच्या फौजेतल्या शिपायांना हगवण लागली होती आणि देरेल तिचा अभ्यास करत होते. आजाऱ्यांच्या शौचातलं पाणी ते बारीक गाळणीतून गाळायचे. ही गाळणी इतकी बारीक की जिवाणू वरच अडकावेत. खाली उतरलेलं पाणी ते हगवणीच्या जिवाणूंच्या गढूळ रसात टाकायचे. (नाक मुरडू नका, शास्त्रज्ञांना काय काय हाताळावं लागतं ते बघा!) एके दिवशी तो गढूळ रस पाण्यासारखा नितळ झाला. जिवाणू विरघळून गेले होते. त्या नितळ पाण्याचा एक थेंब दुसऱ्या गढूळ नळीत टाकला, तर तीही नितळ झाली. तिच्यातला थेंब तिसऱ्या नळीत, तीही नितळ!

आता जरा विचार करा. विष असतं तर काय झालं असतं? थेंब पुढच्या नळीत, त्यातला थेंब त्याच्या पुढच्या नळीत, असं करत गेलं की विष पातळ होत होत संपून जातं. ताकात पाणी ओतत गेलं की शेवटी ताक उरतच नाही ना, तसं. इथं मात्र जोर कमी होईना. याचा अर्थ एकच, की ते जे काही आहे ते वाढतंय. ते जिवाणूंवर जगणारं काहीतरी आहे. म्हणजे जंतूंना लागलेला जंतू!

देरेल यांनी 1917 साली हे जाहीर केलं आणि त्याला नाव दिलं बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूभक्षक. आपण नुसतं 'फाज' म्हणू. फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रज शास्त्रज्ञालाही 1915 साली असंच काही दिसलं होतं, म्हणून या शोधाचं श्रेय दोघांना देतात.

फाज हा विषाणू आहे. करोनानंतर विषाणू म्हटलं की तुम्ही पोरं नाकावर हात धरता. पण फाज तुमच्याआमच्या पेशींच्या वाटेला जात नाही, त्याचं गिऱ्हाईक फक्त जिवाणू. तो किती लहान? तुमची वर्गखोली वीस फूट लांब आहे असं धरा आणि ती खोली म्हणजे एक जिवाणू समजा. मग त्याच्या भिंतीला चिकटलेला फाज तुमच्या दप्तराएवढा होईल, फार तर दोन फुटांचा. त्याचा आकार तर बघण्यासारखा असतो. 23 ऑगस्ट 2023 ला आपलं विक्रम यान चंद्रावर उतरलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. टी-फोर नावाचा एक फाज थेट तसाच दिसतो. वर पैलू पाडलेलं डोकं, खाली दांडा आणि लांब लांब पाय. विक्रमला पाय चार होते, याला सहा. तो जिवाणूवर उतरतो, दांड्यातून आपलं जनुकीय द्रव्य, म्हणजे स्वतःसारखे फाज बनवायची कृती, आत सोडतो आणि स्वतः रिकामं खोकं होऊन बाहेर राहतो. आत बिचारा जिवाणू आपलं सगळं काम सोडून नवे फाज बनवायला लागतो. अर्ध्या तासाच्या आसपास त्याचं पोट फुटतं आणि शंभर-दोनशे नवे फाज बाहेर पडतात. गणित तुम्हीच करा. एकाचे शंभर, शंभराचे दहा हजार, दहा हजारांचे दहा लाख. दीड तासात!

मात्र फाज चोखंदळ असतो हं. आंब्यावरची कीड कडुनिंबावर जात नाही, तसं पटकीच्या जिवाणूचा फाज हगवणीच्या जिवाणूकडे ढुंकूनही बघत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्या दुश्मनाचा दुश्मन सापडला म्हटल्यावर देरेल गप्प कसे बसतील? 1920च्या दशकात ते भारतात आले. मुंबईला परळमध्ये हाफकिन संस्था आहे. 1896 च्या प्लेगच्या साथीत व्लादिमीर हाफकिन यांनी सुरू केलेली प्लेगची प्रयोगशाळा ती हीच. 1925 साली तिला त्यांचं नाव मिळालं. तिथं देरेल यांनी प्लेगवरच्या फाजाचं काम पाहिलं. मग 1927 साली ते पटकीच्या मागे लागले. कोलकात्याच्या रुग्णालयात आजाऱ्यांना फाज पाजला आणि पंजाबातल्या गावांत तर थेट विहिरींत फाज ओतला. पुढे आसामात नौगाव जिल्ह्यात लोकांना मोठ्या प्रमाणावर फाज दिला गेला आणि हबीगंजशी तुलना केली गेली. पटकी कमी झाली, असं या लोकांनी लिहून ठेवलंय. पण ते प्रयोग आजच्यासारख्या काटेकोर पद्धतीनं झाले नव्हते, त्यामुळे किती श्रेय फाजाचं हे सांगणं कठीण आहे. 1940 नंतर पेनिसिलिन आणि इतर प्रतिजैविकं आली, आणि फाजाचं औषध बहुतेक जग विसरून गेलं.

विसरला नाही तो जॉर्जिया देश. देरेल यांचे मित्र जॉर्ज एलियावा यांनी 1923 साली तिबिलिसी शहरात एक संस्था काढली. 1937 साली स्टालिनच्या राजवटीत या एलियावांना गोळ्या घालून मारलं. पण त्यांची संस्था टिकली आणि आजही तिथं फाजाची औषधं बनतात.

इथपर्यंत सांगून झाल्यावर वर्गात एकजण म्हणाला, "मग फाज म्हंजे आपला दोस्तच की!" मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण गोष्ट इतकी सरळ नाही.

पटकीचा जिवाणू माणसाला मारतो तरी कसा, हे 1959 साली कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी शोधून काढलं. हा जिवाणू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडं अंगातलं पाणी बाहेर टाकत सुटतं. माणूस मरतो तो पाणी संपून. (म्हणूनच जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी! एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आईला पाठ असेल, तुम्हीही पाठ करा. हे पाजत पाजत दवाखाना गाठायचा.) डे यांचा शोध एवढा मोठा, पण हयातीत त्यांचं म्हणावं तसं कौतुक झालं नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

आता ऐका. हे विष बनवायची कृती पटकीच्या जिवाणूकडे मुळात आली कुठून? 1996 साली अमेरिकेत मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलानोस यांनी दाखवलं, की ती एका फाजानं आणून दिली! हा फाज वेगळ्या जातीचा. तो जिवाणूला फोडत नाही, त्याच्या घरात कायमचा भाडेकरू होऊन राहतो आणि भाडं म्हणून विषाची कृती देतो. हा भाडेकरू नसलेले पटकीचे जिवाणू नदीनाल्यांत, खाडीत ढिगानं असतात आणि त्यांच्यामुळे पटकीची साथ येत नाही. म्हणजे बघा, एका फाजानं याच जंतूला खुनी बनवलं आणि दुसरा फाज याच जंतूला मारतो. माझ्या आजीच्या बहिणीला मारणाऱ्या जंतूच्या हातात सुरा दिला तो एका विषाणूनं! हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

आणि दुसरा, मारणारा फाज? त्याच्यावर बांगलादेशात ढाक्याला फार सुंदर काम झालं. तिथं पटकी ठराविक ऋतूंत येते आणि आपोआप ओसरते. शाह फारुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदी-तळ्यांचं पाणी पुन्हा पुन्हा तपासलं आणि 2005 साली निष्कर्ष छापले. पाण्यात पटकीचे जिवाणू वाढले की साथ येते. जिवाणू वाढले की त्यांच्यावर जगणारे फाजही वाढतात. फाज माजले की जिवाणू घटतात, आणि साथ उतरते. पुढे फाजांनाही खायला उरत नाही, तेही कमी होतात, आणि चक्र पुन्हा सुरू. शेतात मावा वाढला की मागोमाग ढालकिडे येतात, हे तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या पोरांनी पाहिलंच असेल. हे अगदी तसंच!

शास्त्रज्ञांनी याला एक गमतीचं नाव दिलंय, 'जिंकणाऱ्याला मारा'. 1990च्या दशकात नॉर्वेच्या फ्रेडे थिंगस्टाड यांनी हा विचार मांडला. जत्रेच्या गर्दीत खोकला कसा पसरतो आणि शेतातल्या एकट्या वस्तीवर कसा पोचत नाही, ते आठवा. पाण्यात किंवा मातीत ज्या जातीचे जिवाणू सर्वांत जास्त झाले, त्यांच्यावर फाज सर्वांत लवकर पसरतो, कारण त्याला पावलोपावली तेच भेटतात. एकाच जातीनं सगळी जागा बळकावली, असं त्यामुळे सहसा होत नाही. दुबळ्यांनाही कोपरा मिळतो. नॉर्वेतल्याच संशोधकांनी 1989 साली मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राचं पाणी तपासलं, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे वीस-एक थेंबांत, लाखो-कोट्यवधी विषाणू दिसले. कोकणातल्या समुद्रात एकदा गटांगळी खाल्ली की किती गिळले असतील, हिशेब करा! त्यातले बहुतेक सगळे फाज. समुद्रातल्या जिवाणूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा रोज त्यांना बळी पडतो, असा अंदाज आहे. मेलेल्या जिवाणूंचा रस मग इतरांना खत होतो.

समुद्र आपल्यापासून लांब. तर तुमच्या परड्यात या. श्रावणात सोयाबीनचं एक रोप हळूच मुळासकट उपटा (आधी वडिलांना विचारा, नाहीतर माझ्या नावानं शंख होईल!). मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असली तर समजा, रायझोबियम नावाचे जिवाणू तिथं राहून झाडाला हवेतला नत्र पुरवताहेत. पेरणीआधी बियाण्याला जिवाणूखताचं पाकीट चोळतात ते यासाठीच. पण मातीत या रायझोबियमचेही फाज असतात. पाकिटातले पाहुणे जिवाणू नव्या रानात टिकतील का, हे इतर गोष्टींबरोबर या फाजांवरही अवलंबून असतं.

आणि दही! मोठ्या डेअरीत हजारो लिटर दुधाला एकाच निवडक जातीचं विरजण रोज लावतात. एखादा फाज शिरला की संपलंच, दूध आंबतच नाही. म्हणून डेअरीवाले विरजणाच्या जाती पाळीपाळीनं बदलत राहतात. आपल्या आईच्या विरजणात मात्र कितीतरी जातींची खिचडी असते. एक जात फाजानं पाडली तर दुसरी काम उरकते. (हिवाळ्यात दही लागलं नाही तर मात्र फाजाला दोष देऊ नका, ती थंडी. भांडं घोंगडीत गुंडाळा.)

दह्याच्या जिवाणूंनी तर एक मोठंच गुपित सांगितलं. दही-योगर्टची विरजणं बनवणाऱ्या एका कंपनीतल्या रोडोल्फ बारांगू, फिलिप होर्व्हाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2007 साली दिसलं, की फाजाच्या हल्ल्यातून वाचलेले जिवाणू त्या फाजाच्या जनुकीय द्रव्याचा एक तुकडा कापून आपल्याजवळ जपून ठेवतात. गावच्या पोलीस पाटलाच्या वहीत चोराची नोंद असते ना, तशी! पुन्हा तोच फाज आला की वही काढायची, ओळख पटवायची आणि त्याच्या द्रव्याचे तुकडे करायचे. या वहीला क्रिस्पर म्हणतात. जनुकं हवी तिथं कापायचं हत्यार त्यातूनच घडलं, आणि त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोघींना 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 2023 च्या अखेरीस तर सिकलसेल या रक्ताच्या आजारावर याच हत्यारानं केलेल्या उपचाराला इंग्लंड-अमेरिकेत परवानगी मिळाली. सिकलसेल आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे कितीतरी घरांत आहे. दह्यातल्या भांडणाचा केवढा हा पल्ला!

प्रतिजैविकं उठसूट घेतल्यामुळे आता कित्येक जिवाणू त्यांना दाद देईनासे झालेत. त्यामुळे देरेल यांचं विसरलेलं औषधही पुन्हा आठवलं जातंय. 2016 साली अमेरिकेत टॉम पॅटर्सन नावाचे प्राध्यापक अशाच हट्टी जिवाणूनं मरणाच्या दारी पोचले होते. त्यांची पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगांच्या अभ्यासक. त्यांनी जगभर पत्रं पाठवली आणि संशोधकांनी सांडपाण्यातून वगैरे शोधलेले फाज मिळवले. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतले बिश्वजित बिश्वास हे त्यातलेच एक. पॅटर्सन वाचले. पण हे औषध अजून आपल्या गावच्या दवाखान्यात मिळण्याजोगं झालेलं नाही बरं का, डॉक्टरकाकांना उगाच भंडावू नका.

शनिवार आला. मी वर्गाला इतकं सगळं सांगितलं आणि मूळ प्रश्न तसाच राहिला, हे त्या पोरीनं बरोबर ओळखलं. "मग सर, आज्जीचं खरं का खोटं?"

मी म्हटलं, आजीनं पाहिलं ते खरं. गंगेच्या पाण्यात फाज आहेतच. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेतले डॉ. कृष्णा खैरनार गंगेतल्या फाजांचा अभ्यास करतात. गंगेच्या उगमाकडच्या पाण्याच्या वेगळेपणाबद्दल त्यांनी 2016 साली लिहिलंय. हँकिन यांच्या प्रयोगात जिवाणूंना फाजांनीच मारलं का, याबद्दल मात्र आजचे काही अभ्यासक शंका घेतात. आणि लोटीत तांब्याचाही हात असणारच. पण म्हणून ते पाणी प्यावं का? नाही. का नाही, ते बघा. फाज चोखंदळ असतो, पटकीचा फाज काविळीच्या विषाणूला किंवा जंतांच्या अंड्यांना हात लावणार नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. आतड्यातल्या जिवाणूंचे फाज ज्या पाण्यात भरपूर सापडतात, तिथं ते जिवाणूही भरपूर येत असले पाहिजेत. म्हणजे पाण्यात मैला मिसळतोय! पाण्यात मैला आहे का हे ओळखायला प्रयोगशाळेत असे फाजच मोजतात. पोलीस जास्त दिसले म्हणजे गल्ली सुरक्षित, असं नसतं. कधीकधी चोऱ्या जास्त होतात म्हणूनच तिथं पोलीस जास्त असतात.

पोरगी जरा हिरमुसली. घरी जाऊन तिनं आजीला सगळं सांगितलं. सोमवारी तिचा निरोप आला. आजी म्हणाली, "लोटी देवापाशी ऱ्हाऊ दे. प्यायला आपण आडाचंच उकळू." माझ्या मते आजी माझ्यापेक्षा बरी शिक्षिका आहे.

मला वाटलं, विषय संपला. पण हात वर गेला तो मागच्या बाकावरच्या त्या तांब्यावाल्याचा. "सर, जंतूला फाज खातंय. मग फाजाला कुणी खातंय का?"

या प्रश्नाचं उत्तरही पटकीच्याच जंतूत सापडलंय. पटकीच्या काही जिवाणूंकडे फाजाला अडवणारा जनुकांचा एक खास तुकडा असतो. फाज आत शिरला की हा तुकडा जागा होतो, फाजाच्याच सामानावर डल्ला मारतो आणि त्याची पिल्लं तयारच होऊ देत नाही. फाज मग काय करतो? 2013 साली किंबर्ली सीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ढाक्याच्या पटकीतल्या एका फाजाकडे स्वतःचं क्रिस्पर आहे! तीच ती वही. जिवाणू ती फाजाविरुद्ध वापरतात आणि या पठ्ठ्यानं ती कुठल्यातरी जिवाणूकडून केव्हातरी उचललेली दिसते. त्या वहीत जिवाणूच्या त्या तुकड्याची नोंद करून हा फाज त्याच्यावरच उलटतो.

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग तो तांब्यावाला मोठ्यानं ओरडला, "म्हंजे सर, चोरानंच पोलीस पाटलाची वही पळवली की ओ!"

आणि घंटा झाली.